अमेरिकेत पदवीनंतर काय: ओपीटी, स्टेम मुदतवाढ आणि एच-१बी यांच्या तारखा कशा जुळवायच्या

एफ-१ व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) शिकणाऱ्यांचं घोडं पदवीनंतर बहुतेक वेळा पात्रतेवर अडत नाही, तारखांवर अडतं. पदवी चांगली असते, नोकरीही हातात असते, पण अर्ज दोन दिवस उशिरा पोहोचतो किंवा ओपीटीची (शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी) सुरुवात चुकीच्या दिवशी मागितलेली असते. म्हणून आधी कॅलेंडर, मग फॉर्म.

सगळ्याचा पाया: प्रोग्रॅम एंड डेट

आय-२० (विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेलं व्हिसाचं प्रमाणपत्र) च्या पहिल्या पानावर अभ्यासक्रम संपण्याची तारीख छापलेली असते. पुढची सगळी गणितं तिच्यावरून होतात. पदवीदान समारंभाच्या तारखेचा इथे काहीही संबंध नाही. प्रबंध लवकर संपला किंवा एक सत्र आधी क्रेडिट पुरे झाले, तर विद्यापीठाचा डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद पाहणारा अधिकारी) ही तारीख अलीकडे आणतो आणि तिच्यासोबत सगळ्या खिडक्या सरकतात. शेवटचं सत्र सुरू होताच आय-२० वरची तारीख बरोबर आहे ना, हे डीएसओकडून लेखी विचारून घ्या.

पदवीनंतरच्या ओपीटीचा अर्ज या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. समजा तारीख १५ मे २०२७ आहे. मग खिडकी १४ फेब्रुवारी ते १४ जुलै २०२७. त्या दिवसापर्यंत अर्ज यूएससीआयएसला (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) मिळालेला असावा लागतो, नुसता पाठवलेला चालत नाही.

याच्या आत आणखी एक घड्याळ चालतं. डीएसओने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) ओपीटीची शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत आय-७६५ (कामाच्या परवानगीचा फॉर्म) दाखल व्हायलाच हवा. बाहेरची खिडकी उघडी असली तरी ३१व्या दिवशी केलेला अर्ज नाकारला जातो आणि फी परत मिळत नाही. म्हणून फोटो, पासपोर्टची प्रत, फीसाठी चालणारं कार्ड असं सगळं तयार झाल्यावरच शिफारस मागा. विद्यापीठाचं कार्यालय शिफारशीला काही कामाचे दिवस घेतं, तेही हिशेबात धरा.

सुरुवातीची तारीख कोणती मागावी

ओपीटी १२ महिन्यांची असते आणि तिची सुरुवात अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या ६० दिवसांतल्या कुठल्याही दिवशी मागता येते. वरच्या उदाहरणात १६ मे ते १४ जुलै. अर्ज गेल्यावर ही तारीख बदलणं अवघड आणि मंजुरीनंतर जवळपास अशक्य. अनेक जण घाईत पहिलाच दिवस लिहून मोकळे होतात. ते नेहमी बरोबर नसतं.

कारण ओपीटी सुरू झाली की बेरोजगारीचे दिवस मोजायला लागतात. एकूण ९० दिवसांची मर्यादा आहे, शनिवार-रविवार धरून. त्या काळात भारतात जाऊन बसलात तरी दिवस मोजले जातातच. ऑफर हातात असेल तर रुजू होण्याच्या तारखेच्या थोडं आधीची सुरुवात मागा. ऑफर नसेल तर शक्यतो खिडकीच्या शेवटाकडची. नोकरी शोधायला जवळजवळ दोन महिने जास्त मिळतात आणि ९० दिवसांतला एकही खर्च होत नाही.

डिसेंबरमध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांची शाखा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) नाही आणि म्हणून ज्यांना पुढे सांगितलेली २४ महिन्यांची मुदतवाढ नाही त्यांच्यासाठी, हा निर्णय आणखी मोलाचा आहे. अभ्यासक्रम १५ डिसेंबर २०२७ ला संपतो असं धरा. १६ डिसेंबरची सुरुवात घेतली तर ओपीटी १५ डिसेंबर २०२८ ला संपते, सवलतीचे ६० दिवस (ओपीटीनंतर देशात थांबायला मिळणारे, पण कामाविना) फेब्रुवारी २०२९ मध्ये सरतात आणि एच-१बीच्या (कंपनीने मागायचा कामाचा व्हिसा) मार्चमधल्या सोडतीची फक्त एक संधी, २०२८ ची, पदरात पडते. त्याऐवजी १३ फेब्रुवारी २०२८ ची सुरुवात घेतली तर ओपीटी १२ फेब्रुवारी २०२९ पर्यंत आणि सवलतीचा काळ १३ एप्रिल २०२९ पर्यंत जातो. एच-१बीचे अर्ज १ एप्रिलपासून घेतले जातात. म्हणजे मार्च २०२९ च्या सोडतीत नंबर लागला आणि कंपनीने १ ते १३ एप्रिलमध्ये अर्ज पोहोचवला, तर देशात कायदेशीरपणे थांबता येतं. या मधल्या काळात काम मात्र करता येत नाही, कारण अर्जाच्या दिवशी ओपीटी चालू नव्हती. फुकट मिळणारी दुसरी संधी म्हणून ती सोडू नये.

आय-७६५ भरताना

ऑनलाइन अर्ज करा. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार ऑनलाइन फी ४७० डॉलर आणि कागदी अर्जाची ५२० डॉलर आहे. भरण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या फीच्या पानावर आकडा पुन्हा पाहा.

सर्वांत जास्त चुका पात्रतेच्या कोडमध्ये होतात. पदवीनंतरच्या ओपीटीचा कोड सी-३-बी, शिक्षण चालू असतानाच्या ओपीटीचा सी-३-ए, स्टेम मुदतवाढीचा सी-३-सी. चुकीचा कोड निवडला तर अर्ज दुसऱ्याच गोष्टीचा होतो.

जोडायची कागदपत्रं अशी: ओपीटीची शिफारस छापलेला नवा आय-२० (शिफारस दुसऱ्या पानावर असते, पहिल्या पानावर डीएसओची आणि तुमची अशा दोन्ही सह्या हव्यात), पासपोर्ट, ताजा आय-९४ (देशात आल्याची नोंद), पूर्वी मिळालेलं कामाचं कार्ड असेल तर त्याची प्रत, पूर्वीच्या सीपीटीचे (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिक्षण चालू असतानाचं काम) आणि ओपीटीचे पुरावे आणि २ बाय २ इंचाचा नवा फोटो. शिफारस नसलेला जुना आय-२० चढवणं ही नेहमीची चूक आहे. स्वतःची सही करायला विसरणं ही दुसरी. व्हिसावरचाच जुना फोटो वापरला की नवा फोटो मागणारं पत्र येतं आणि त्यात काही आठवडे जातात.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर याच फॉर्ममध्ये तो मागता येतो. आई-वडिलांची नावं भरावी लागतात, वेगळी रांग लावावी लागत नाही.

कामाच्या परवानगीचं कार्ड टपालाने येतं, आणि नेमकं त्याच काळात विद्यार्थी घर बदलतात. पुढचे चार-पाच महिने न हलणाऱ्या मित्राचा पत्ता ‘केअर ऑफ’ करून द्या. स्वतःच्याच पत्त्यावर मागवलं असेल तर घर बदलताच यूएससीआयएसच्या खात्यात तो बदला. नुसतं टपाल खात्याला कळवून भागत नाही.

घाई असेल तर आय-९०७ भरून जादा फीवर प्रीमियम प्रोसेसिंग मिळतं. त्यात ३० कामाच्या दिवसांत निर्णय, किंवा जादा पुरावा मागणारं पत्र, देण्याची हमी असते. कार्ड छापून हातात पडायला त्यावर आणखी दिवस लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज केलेल्याला सहसा त्याची गरज पडत नाही. जूनमध्ये जागा झालेल्याला पडते.

कार्ड हातात आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडलेली, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय एक तासही काम करू नका. बिनपगारी ‘ओळख म्हणून’सुद्धा नाही. परवानगीआधीचं काम पुढे ग्रीन कार्डच्या अर्जापर्यंत पाठलाग करतं.

सीपीटीचा आणि ओपीटीचा हिशेब

एकाच स्तरावर पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली तर त्या स्तराची ओपीटी पूर्ण जाते. एक दिवस कमी असेल तर काहीच कापलं जात नाही. अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी केलेली सीपीटी या हिशेबात येत नाही. शिक्षण चालू असताना घेतलेली ओपीटी मात्र १२ महिन्यांतून वजा होते, म्हणून इंटर्नशिपला आधी सीपीटीच मागा. ओपीटी प्रत्येक वरच्या स्तराला नव्याने मिळते: पदवीला एकदा, मास्टर्सला एकदा, पीएचडीला एकदा. दुसऱ्या मास्टर्सला ती मिळत नाही.

ओपीटी चालू असताना

मंजुरी मिळाल्यावर सेव्हिप पोर्टलचं (ओपीटीवरच्याने आपली माहिती स्वतः नोंदवायची सरकारी साइट) खातं उघडण्याचा ईमेल येतो. बऱ्याचदा तो स्पॅममध्ये पडतो आणि लिंकची मुदत संपते. तसं झालं तर डीएसओ नवी पाठवू शकतो. नोकरी, पत्ता, फोन यांतला कोणताही बदल १० दिवसांत नोंदवायचा. नोकरी लागूनही ती नोंदवली नाही तर बेरोजगारीचे दिवस धावतच राहतात आणि ९० ओलांडले की सेव्हिसची नोंद बंद होऊ शकते. इतक्या साध्या कारणाने स्टेटस गमावणं फार वाईट, म्हणून रुजू झाल्याच्या दिवशीच नोंद करा.

काम तुमच्या शाखेशी थेट संबंधित हवं आणि आठवड्याला किमान २० तासांचं. पहिल्या १२ महिन्यांत ते एकापेक्षा जास्त मालकांकडे, कंत्राटावर, स्वतःच्या व्यवसायात किंवा कामगार कायदे मोडत नसतील तर बिनपगारीही असू शकतं. नोकरी मिळायला वेळ लागत असेल तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत किंवा विनानफा संस्थेत शाखेशी निगडित २० तासांचं स्वयंसेवी काम धरा, घड्याळ थांबतं. मात्र सुरुवातीची तारीख, तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं सहीचं पत्र घ्या. संगणकशास्त्राच्या पदवीधराने दुकानात उभं राहणं यात बसत नाही.

पैसे घेऊन नुसतं मालकाचं नाव ‘दाखवायला’ देणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. अशा कंपनीवर कारवाई झाली की तिच्या नावाखाली नोंदलेल्या प्रत्येकाची नोंद तपासली जाते. खोटी माहिती दिल्याचा शिक्का एकदा बसला की तो पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी समोर येतो.

स्टेम मुदतवाढ: २४ महिने

शाखा स्टेम आहे की नाही हे पदवीच्या नावावरून ठरत नाही, आय-२० वरच्या सहा अंकी सीआयपी कोडवरून (अभ्यासशाखेचा सरकारी क्रमांक) ठरतं. अर्थशास्त्राचा ४५.०६०१ यादीत नाही, पण इकॉनोमेट्रिक्सचा ४५.०६०३ आहे. दोन विद्यापीठांत जवळपास तोच अभ्यासक्रम वेगळ्या कोडखाली चालू शकतो, आणि त्या एका फरकाने कामाचे २४ महिने येतात किंवा जातात. प्रवेश घेतानाच हा कोड विचारणं सर्वांत शहाणपणाचं. शेवटची पदवी स्टेम नसेल, पण आधीच्या १० वर्षांत अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेतून खालच्या किंवा त्याच स्तराची स्टेम पदवी घेतली असेल, तर काम तिच्याशी संबंधित असल्यास तिच्या आधारावर मुदतवाढ मागता येते.

अटी तीन: मालक ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याची कामाची परवानगी पडताळणारी सरकारी प्रणाली) नोंदलेला हवा, काम पगारी आणि त्या मालकाकडे आठवड्याला किमान २० तासांचं हवं, आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा दोघांच्या सहीने डीएसओकडे जायला हवा. ई-व्हेरिफायची नोंद मालकांच्या सार्वजनिक यादीत शोधता येते. ऑफर स्वीकारण्यापूर्वीच पाहा. छोट्या कंपन्यांना नोंदणी करणं फारसं जड नसतं, फक्त वेळेवर सांगावं लागतं.

आय-९८३ मध्ये ‘सॉफ्टवेअर विकसित करेल’ एवढं लिहून चालत नाही. कोणतं कौशल्य, पदवीतल्या कोणत्या ज्ञानाच्या आधारावर, कोणाच्या देखरेखीखाली शिकणार आणि प्रगती कशी मोजणार, हे ठोस लिहावं लागतं. सही करणाऱ्या कंपनीनेच प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायचं असतं. स्टाफिंग कंपनीने सही करून दुसऱ्याच ग्राहकाच्या कार्यालयात बसवलं आणि तिथे तिचं कोणीच नसलं, तर आराखडा कागदावरच राहतो. कामाच्या जागी सरकारी अधिकारी पाहणीला येऊ शकतात, म्हणून आराखड्यात लिहिलेलं आणि रोजचं काम एकच असू द्या.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. पहिल्या ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपल्यावर ६० दिवसांत चालतो, म्हणून स्टेमचाही तसाच चालेल असं अनेकांना वाटतं. चालत नाही. तो कार्ड संपण्याच्या ९० दिवस आधीपासून कार्ड संपण्याच्या दिवसापर्यंत आणि डीएसओच्या शिफारशीपासून ६० दिवसांत पोहोचलाच पाहिजे. सवलतीच्या काळात तो घेत नाहीत. वेळेवर दिला तर निर्णय प्रलंबित असताना जुन्या कार्डावर १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं.

मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी माहिती बरोबर असल्याची पुष्टी, १२ महिन्यांनी आणि शेवटी स्वयंमूल्यमापन, नोकरी बदलली तर १० दिवसांत नवा आय-९८३. बेरोजगारीची मर्यादा आधीचे दिवस धरून १५० होते.

एच-१बी

दरवर्षी ६५,००० जागा, त्यावर अमेरिकेतली मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी असणाऱ्यांसाठी २०,०००. मास्टर्सवाल्यांची नावं आधी सर्वसाधारण सोडतीत आणि तिथे न लागल्यास दुसऱ्या सोडतीत जातात. मास्टर्स देणारी संस्था मान्यताप्राप्त आणि सरकारी किंवा विनानफा असावी लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेची पदवी २०,००० च्या रांगेत धरली जात नाही.

नोंदणी मार्चमध्ये कंपनी करते, प्रत्येक नावामागे फी २१५ डॉलर. २०२४ पासून सोडत माणसागणिक होते, त्यामुळे चार कंपन्यांनी नोंदवलं म्हणून संधी चौपट होत नाही. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने आणखी एक बदल केला: पगाराच्या पातळीनुसार वजन. पहिल्या पातळीचं नाव सोडतीत एकदा, दुसरीचं दोनदा, तिसरीचं तीनदा, चौथीचं चारदा. नवपदवीधराला हा नियम जड जातो, पण त्यात एक फट आहे. पातळी नुसत्या पगारावर ठरत नाही, पद आणि कामाचं ठिकाण पाहून ठरते. महागड्या शहरात पहिल्या पातळीत मोडणारा पगार तुलनेने स्वस्त भागात दुसऱ्या पातळीत बसू शकतो. कामगार खात्याच्या प्रचलित वेतनाच्या शोधपानावर पदाचा कोड आणि भाग टाकून ऑफरची पातळी काढा. पगाराच्या वाटाघाटीत पुढच्या पातळीला थोडक्यात कमी पडत असाल तर ते नेमकं दाखवून द्या. कंपन्या अशा वेळी ऐकतात.

नंबर लागला की अर्जासाठी १ एप्रिलपासून किमान ९० दिवस मिळतात आणि १ ऑक्टोबरपासून एच-१बी. मधे ओपीटी संपत असेल तर कॅप-गॅप मिळतो: ओपीटी चालू असतानाच, देशातल्या देशात स्टेटस बदलण्याच्या मागणीसह अर्ज पोहोचला असेल, तर राहण्याची आणि कामाची मुदत आपोआप वाढते. जानेवारी २०२५ पासून ही वाढ पुढच्या १ एप्रिलपर्यंत जाऊ शकते. पूर्वी ती १ ऑक्टोबरलाच थांबायची. डीएसओकडून कॅप-गॅप नोंदवलेला आय-२० मागून घ्या, मनुष्यबळ विभागाला तोच दाखवायचा असतो.

स्टेटस बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर तो बदल सोडून दिला असं धरलं जातं. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर याची किंमत फार वाढली. देशाबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर लावले गेले. देशात राहून स्टेटस बदलणाऱ्याला, बदल मंजूर झाल्यास, ती रक्कम लागू होत नाही असं यूएससीआयएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. घोषणेची मुदत मूळची १२ महिन्यांची, वाढवता येणारी. त्यामुळे अर्जाच्या वेळची स्थिती कंपनीच्या वकिलाकडून तपासून घ्या आणि एप्रिलनंतर घरचं लग्न असलं तरी तिकीट काढण्यापूर्वी त्याला विचारा.

भारतातली चार वर्षांची पदवी असलेल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला शेवटच्या सत्रातल्या मार्चमध्येही सर्वसाधारण ६५,००० मध्ये नाव नोंदवता येतं. फार कमी कंपन्या स्वतःहून सुचवतात. ऑफर आधीच हातात असेल तर जानेवारीतच विचारा.

नोकरी शोधताना

अर्जात दोन प्रश्न असतात. सध्या काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? ओपीटी मंजूर असेल तर हो. पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का? याचंही खरं उत्तर हो. इथे नाही लिहून पुढे सांगितल्यास ऑफर जाऊ शकते. स्टेमवाल्यांनी सोबत एवढं जरूर सांगावं की तीन वर्षं कंपनीला एच-१बीचा खर्च करावाच लागत नाही. अनेक व्यवस्थापकांना हे ठाऊकच नसतं.

कोणती कंपनी स्पॉन्सर करते याचा अंदाज बांधू नका. यूएससीआयएसचा एच-१बी एम्प्लॉयर डेटा हब आणि कामगार खात्याने प्रसिद्ध केलेली एलसीएची (एच-१बीआधी कंपनीने त्या खात्याला द्यायचं पगाराचं निवेदन) माहिती दोन्ही खुल्या आहेत. कंपनी, पद, शहर आणि पगार तिथे दिसतो.

विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न विनानफा संस्था आणि विनानफा किंवा सरकारी संशोधन संस्था सोडतीच्या बाहेर आहेत. त्या वर्षात कधीही एच-१बी अर्ज करू शकतात. पगार कमी असेल, पण नशिबावर काही सोडलेलं नसतं. पुढे खासगी कंपनीत जाताना मात्र सोडत लागते.

पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापले आहेत का पाहा. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी तुम्ही अनिवासी असता आणि ही कपात लागू नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलात तर २०२५ हे पूर्ण एक वर्ष मोजलं जातं आणि सूट २०२९ अखेर संपते. कपात झाली असेल तर आधी कंपनीकडे परतावा मागा. तिने नकार दिला तर आयआरएसकडे (अमेरिकेचं कर खातं) फॉर्म ८४३. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे स्टँडर्ड डिडक्शनही (करपात्र उत्पन्नातून ठरावीक वजावट) घेता येतं, जे इतर अनिवासींना सहसा मिळत नाही.

नंबर लागलाच नाही तर

ओपीटी संपल्यावर ६० दिवस. त्यात परत जाणं, दुसऱ्या स्टेटसचा अर्ज करणं किंवा नव्या अभ्यासक्रमासाठी सेव्हिसची नोंद दुसऱ्या संस्थेकडे वळवणं, यांपैकी एक व्हायला हवं. नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू होणारा असावा लागतो. नोंद हलवली की उरलेली ओपीटी तिथेच संपते, हे लक्षात ठेवून हस्तांतराची तारीख ठरवा.

पहिल्याच दिवसापासून सीपीटी देणाऱ्या संस्थांच्या जाहिराती याच काळात दिसू लागतात. त्यांपैकी काही कायद्यात बसतात, पण पुढच्या एच-१बी अर्जात ते शिक्षण खरं होतं का, वर्गात हजर होतात का, कामाची अभ्यासक्रमात गरज होती का, याचे पुरावे मागितले जातात. समाधान झालं नाही तर देशातल्या देशात स्टेटस बदल नाकारला जातो.

कंपनीची इतर देशांत कार्यालयं असतील तर तिथे एक वर्ष काम करून एल-१ वर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) परतण्याचा मार्ग विचारा. त्यासाठी सोडत नाही, आणि ही विचारणा ओपीटीचे सहा महिने शिल्लक असताना केली तर कंपनीला जागा शोधायला वेळ मिळतो. संशोधनात नाव असेल तर ओ-१ (असाधारण कर्तृत्वाचा व्हिसा) आहे, पण त्याचे पुरावे (प्रकाशनं, परीक्षक म्हणून केलेलं काम, पुरस्कार) पदवीच्या काळातच गोळा करत जावे लागतात.